तिकीट एक आहे की दोन, हे पैसे भरण्यापूर्वी कळले पाहिजे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

यात्रा कंपनीची टोपी न घालता, स्वतः आखणी करून परदेशी सहलीला जाणारी कुटुंबे आता आमच्या साताऱ्यासारख्या गावातही सहज भेटू लागली आहेत. राहण्याची जागा, रेल्वे, संग्रहालयाचा प्रवेश हे सारे घरबसल्या नोंदवता येते आणि त्यात काही चुकलेच, तरी नुकसान एखाद्या रात्रीचे किंवा एखाद्या दुपारचे असते. लांब पल्ल्याच्या विमान तिकिटातली चूक मात्र सगळी सहल घेऊन बुडते. अशाच एका चुकीकडे, आणि ती चूक ग्राहकाच्या हातून घडावी अशा पद्धतीने केल्या जाणाऱ्या विक्रीकडे, लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझे पती आणि मी पोर्तुगाल व स्पेनला जाण्याचे ठरवले. लिस्बनला उतरायचे, तेथून बसने सेव्हिल, पुढे ग्रानाडा आणि शेवटी माद्रिदहून परत यायचे, असा बेत होता. लिस्बन आणि माद्रिद यांच्यात २०२० पासून थेट रेल्वे नाही, त्यामुळे परतीसाठी पुन्हा लिस्बन गाठणे म्हणजे एक दिवस आणि बरेच पैसे वाया घालवणे. म्हणून जाताना एका शहरात उतरणारे आणि येताना दुसऱ्या शहरातून निघणारे तिकीट घ्यावे, हे आम्ही अभ्यासाअंती ठरवले होते आणि तो निर्णय योग्यच होता. बहुतेक साइटवर ‘मल्टी सिटी’ या पर्यायाखाली असे तिकीट मिळते आणि अनेकदा ते साध्या परतीच्या तिकिटाइतक्याच किमतीत पडते, ही गोष्ट अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

तिकिटे विकणाऱ्या एका साइटवर आम्हाला दोन पर्याय पसंत पडले. एक दुबईमार्गे, माणशी ६९,९०० रुपये. दुसरा लंडनमार्गे, माणशी ५८,४००. दोघांचे मिळून तेवीस हजार वाचत होते आणि मध्ये पाच तास चाळीस मिनिटांचा अवकाश होता, तेव्हा धावपळही नाही, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. पोर्तुगाल-स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांना एकत्र चालणारा शेंगेन व्हिसा हातात आला होता, तो आल्यावरच तिकीट काढायचे हा शहाणपणाही आम्ही केला होता. माझी तीस वर्षे बँकेत खातेदारांना ‘सही करण्यापूर्वी वाचा’ असे सांगण्यात गेली आहेत, हे येथे मुद्दाम नमूद करते.

सहार येथील टर्मिनल दोनवर काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट उघडले, पाने चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि विचारले, “काकू, ब्रिटनचा व्हिसा कुठल्या पानावर आहे?” आम्ही सांगितले की आम्हाला ब्रिटनमध्ये जायचेच नाही, फक्त विमान बदलायचे आहे. तिने पडदा आमच्याकडे वळवून बोटाने दाखवले. आमचे पहिले विमान हीथ्रोला उतरत होते आणि दुसरे गॅटविकहून सुटत होते. ही दोन वेगवेगळी विमानतळे असून, एकातून बाहेर पडून बसने दुसऱ्याकडे जाणे म्हणजे ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करणे होय. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर तसा प्रवेश मिळत नाही. त्यातही ही दोन स्वतंत्र तिकिटे असल्याने पहिल्या विमान कंपनीच्या दृष्टीने आम्ही लिस्बनचे नव्हे, तर लंडनचे प्रवासी होतो. आमच्या बॅगा लंडनलाच पट्ट्यावरून उचलाव्या लागणार होत्या आणि दुसऱ्या तिकिटात तर आसनाखाली मावेल एवढ्या एका पिशवीपलीकडे सामानच समाविष्ट नव्हते.

त्या मुलीचा किंवा तिच्या कंपनीचा काहीही दोष नव्हता. योग्य कागदपत्रांशिवाय प्रवासी आणल्यास ब्रिटनमध्ये विमान कंपनीला प्रवाशामागे २,००० पौंड दंड होऊ शकतो, मग ती आम्हाला कशासाठी चढू देईल? रात्री अडीच वाजता आम्ही टॅक्सी शोधत बाहेर उभे होतो. पहिला टप्पा न वापरल्यामुळे परतीचा भागही आपोआप रद्द झाला, कारण तिकिटाचे टप्पे क्रमानेच वापरावे लागतात, मधला एक सोडून पुढचा वापरता येत नाही. काही कर तेवढे परत मिळाले. चार दिवसांनी आम्ही आखाती देशातून जाणारे, एकाच तिकिटावरचे विमान माणशी ९१,००० रुपयांना घेतले आणि लिस्बनमधल्या खोलीचे चार रात्रींचे पैसे सोडून दिले. वाचलेल्या तेवीस हजारांचा हिशेब असा पूर्ण झाला.

घरी परतल्यावर मी त्या साइटवरचे पान पुन्हा उघडले. भाडे मोठ्या, ठळक अक्षरांत होते. शेजारी लाल पट्टीत ‘या दरात फक्त २ जागा शिल्लक’ असे लिहिले होते. आणि दोन विमानांच्या मधल्या रेषेखाली, करड्या रंगात, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील अशा अक्षरांत दोन शब्द होते : ‘सेल्फ ट्रान्स्फर’. म्हणजे पुढचे तुमचे तुम्ही पाहा. या दोन शब्दांवर बोट ठेवले असता माहितीची एक चौकट उघडते आणि व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची असल्याचे तीत म्हटलेले आहे. ती माहिती तेथे नव्हती, असे मला म्हणता येणार नाही. पण बँकेत कर्जाचा खरा व्याजदर आम्ही असा छापला असता, तर रिझर्व्ह बँकेने आमची काय अवस्था केली असती, हे मला पक्के ठाऊक आहे.

एकच तिकीट असणे म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. दोन्ही विमाने एकाच कंपनीची असली म्हणजे तिकीट एकच असते, असे नाही आणि दोन वेगळ्या कंपन्यांची असली म्हणजे तिकिटे दोनच असतात, असेही नाही. कंपन्यांमध्ये परस्पर करार असतात आणि त्या करारान्वये मुंबईपासून शेवटच्या मुक्कामापर्यंतची सगळी विमाने एकाच तिकिटावर येऊ शकतात. तसे असेल तर सामान साधारणतः थेट शेवटच्या विमानतळावर मिळते आणि पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर असते. तिकिटे दोन असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण केवळ वेळेवर न आलेले प्रवासी ठरतो आणि आपले पैसे तेथेच संपतात. तिकीट काढल्यावर हे ओळखणे सोपे आहे. सहा अक्षर-अंकांचा पीएनआर आणि तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक तपासावा, त्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. प्रत्येक विमानासाठी वेगळा पीएनआर आणि वेगळ्याच कंपनीचा तिकीट क्रमांक आला असेल, तर तिकिटे दोन आहेत, असे समजावे. अडचण इतकीच की ही तपासणी पैसे भरल्यानंतरची आहे. पैसे भरण्यापूर्वी करता येण्याजोगा एकच भरवशाचा उपाय मला सापडला : तोच मार्ग, त्याच तारखा घेऊन विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावे. तेथे संपूर्ण प्रवास एकत्र विकला जात असेल, तर बहुधा निर्धास्त राहावे.

हा भेद आजच्या काळात अधिक महत्त्वाचा आहे, कारण सहा महिने आधी काढलेल्या तिकिटाचे वेळापत्रक प्रवासाच्या दिवसापर्यंत तसेच राहील, याची खात्री आता उरलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली आणि युरोप-अमेरिकेकडे जाणारी अनेक उड्डाणे लांबली. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हद्द काही तासांसाठी बंद केली, तर त्याचे परिणाम दोहामार्गे जाणाऱ्यांना पुढे कित्येक तास भोगावे लागले. अशा वेळी सगळा प्रवास एका तिकिटावर असणाऱ्याला कोणाकडे दाद मागायची, हे तरी कळते. युरोपीय संघाच्या २६१/२००४ क्रमांकाच्या नियमानुसार संघातील विमानतळावरून निघालेला प्रवासी, मग विमान कोणत्याही देशाचे असो, असाधारण परिस्थितीचा अपवाद वगळता मोठ्या विलंबासाठी भरपाई मागू शकतो आणि ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला ती ६०० युरोपर्यंत असते. संघाकडे येताना मात्र हे संरक्षण संघातील कंपनीच्या विमानालाच मिळते. प्रवास एकाच नोंदणीवर असेल, तर विलंब शेवटच्या मुक्कामाला पोहोचण्याच्या वेळेवरून मोजला जातो. दोन तिकिटांच्या प्रवाशाला हा हिशेब लागू होत नाही.

दोन तिकिटे घेणे नेहमीच चूक, असे माझे म्हणणे नाही. न्यूझीलंडला जाताना वाटेत सिंगापूरला तीन दिवस राहायचे असेल, तेथला व्हिसा काढलेला असेल, तर वेगवेगळी तिकिटे घेऊन पैसे वाचवण्यात काहीच धोका नाही. धोका आहे तो त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने विमान बदलताना. अमेरिकेत तर तिकीट एक असो वा दोन, केवळ विमान बदलण्यासाठीही भारतीय प्रवाशाला व्हिसा लागतो, त्यामुळे मेक्सिको किंवा पेरूला जाणाऱ्याने तो स्वस्त मार्ग पाहून हुरळून जाऊ नये. शेंगेन देशांत प्रवेशाची तपासणी पहिल्या विमानतळावरच होते आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे बोटांचे ठसे व छायाचित्र घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यामुळे, एका तिकिटावरही तासाभराची जोडणी मी तरी घेणार नाही. दोन-तीन तास हाताशी असावेत.

जाता जाता एक छोटी सूचना, कारण आमच्याच गल्लीतले एक कुटुंब यात फसले आहे. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००:५५ असे असेल, तर घरून १४ तारखेला दुपारीच निघायचे असते, शिवाय खंडाळ्याच्या घाटातली कोंडी धरून. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, विमान कंपनीत मध्यरात्री. तसेच जेवणाच्या यादीतील ‘हिंदू जेवण’ हे साधारणतः मांसाहारी असते. शाकाहारी मंडळींनी ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा जैन जेवण निवडावे आणि ते आगाऊ नोंदवावे.

आता मागणीकडे येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन विक्रीच्या क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून त्यांत १३ प्रकार नमूद केले आहेत. खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतील एक प्रकार आहे, ग्राहकाला न विचारता खरेदीत विमा किंवा अन्य सेवा घुसडणे हा दुसरा, आणि पानाची मांडणीच अशी करणे की महत्त्वाची माहिती झाकली जाऊन ग्राहक भलतीकडे वळावा, हाही एक. दोन स्वतंत्र तिकिटांचा प्रवास एका भाड्याखाली, एका चौकटीत, एका बटणासह विकणे आणि ते स्वतंत्र असल्याची सूचना करड्या अक्षरांत देणे हे या शेवटच्या प्रकारात सरळसरळ बसते, असे माझे मत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तशी तक्रार नोंदवली आहे.

प्राधिकरणाने आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मिळून तिकीट विकणाऱ्या प्रत्येक साइटला एवढेच बंधनकारक करावे की, प्रवास एकाहून अधिक तिकिटांचा असल्यास पैसे भरण्याच्या पानावर, भाड्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि ग्राहकाने निवडलेल्या भाषेत तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : तिकिटे किती आहेत, सामान मध्ये उचलावे लागेल का आणि विमानतळ बदलतो का. भारतीय पासपोर्टधारकाला मधल्या देशाचा व्हिसा लागेल का, हे तपासण्याची सोय विमान कंपन्यांच्या काउंटरवर असतेच. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीला जे अर्ध्या मिनिटात समजले, ते विक्री करणाऱ्या साइटला पाच महिने आधी समजू शकत नाही, हे मला पटत नाही. आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत स्वस्त भाड्यांच्या जाहिराती येतात, त्या स्वीकारताना आपणही जाहिरातदाराला हा प्रश्न विचारावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा