‘लेक टच’ तंबूबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, बुकिंग विभाग

विषय : पवना जलाशयावरील कॅम्पिंगचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मेच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही सहा जण तुमच्या ‘लेक टच’ तंबूंत मुक्कामाला होतो. माणशी 1,500 प्रमाणे 9,000 रुपये आगाऊ भरले होते. फोटोत तंबूच्या दाराशी पाणी आहे. प्रत्यक्षात पाणी गाठायला पंधरा मिनिटं लागली, तीही गाळातून. वरून भेगा, खाली चिखल. वडिलांची चप्पल रुतली, ती हाताने उपसून काढावी लागली.

मेमध्ये पवनेचं पाणी उतरतं हे मला ठाऊक आहे. मी चिंचवडकर, आमच्या नळाला याच धरणाचं पाणी येतं, तेही दिवसाआड. तक्रार पाणी उतरल्याची नाहीच. पावसाळ्यानंतरचा, हिरव्यागार तिकोना किल्ल्याचा फोटो दाखवून तुम्ही मे महिना विकलात, ही आहे.

होडीपाशी तुमच्या माणसाने सहा जणांपुढे चार लाइफ जॅकेट टाकली. एकाचं बक्कल तुटलेलं, तिथे सुतळी बांधलेली. “काही होत नाही साहेब, पाणी कमीच आहे.” मी कुणालाच बसू दिलं नाही. तरी माणशी 200 बिलात लागलेच.

वडील 71 वर्षांचे, कोकणात खाडीवर गळ टाकत वाढलेले. पॅकेजमध्ये ‘फिशिंग’ वाचलं म्हणून तर ते आले. आदल्या रात्री गळ, दोरा, शिसं सगळं काढून बसले होते. सकाळी कणकेची गोळी लावून गळ टाकला, तोच गावातल्या एका मच्छीमाराने येऊन नीट शब्दांत सांगितलं, की इथली मासेमारी ठेक्यावर आहे, परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. वडिलांनी निमूट दोरा गुंडाळला. परतीच्या वाटेवर कामशेत येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

रात्री एकपर्यंत स्पीकर चालू होते, ते सोडून देतो. पिठलं-भाकरी उत्तम होती, म्हणून जेवणाचे 2,400 मागत नाही. उरलेले 6,600 आणि होडीचे 1,200, असे 7,800 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहेच. तुमचं ऑफिस मुंबईत असलं तरी मी राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो, आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्कही लागत नाही.

आपला ग्राहक,
चिंचवड

सोबत : बिलाची प्रत, तुमच्या जाहिरातीतला फोटो आणि त्याच जागेवरून आम्ही काढलेला फोटो. तिकोन्यावरून जागा ओळखता येईल.