अक्का, गब्बिलम तयार झालं

तीर्थस्वरूप अक्का,
साष्टांग नमस्कार.

तुमची शाळा तेलुगू. मराठी फाडफाड बोलता, पण वाचायला घेतलं की चष्म्याचा नंबर आठवतो. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता असं सगळ्यांसमोर लिहितोय. सोलापूरचा आपला वाडा सोडून तुम्ही भिवंडीला गेलात, तिथं नातवाच्या मोबाइलवर येईल, त्याच्याकडून वाचून घ्या. तुमच्यासमोर आभार मानायला गेलो असतो तर "चाल, चहा घे" म्हणून तुम्ही विषयच संपवला असता. इथं तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

मे महिन्यातली ती रात्र आठवते ना? लाइट गेली होती, सगळा वाडा गच्चीवर. आम्हीच तेवढे खाली, पोरीला ताप होता म्हणून. लाइट आली, पंखा सुरू झाला आणि खिडकीतून एक पाकोळीएवढं वटवाघूळ, तुमच्या तेलुगूत गब्बिलम, आत शिरून गरगरायला लागलं. बायकोनं आधी पंखा बंद केला, मग दिवा, मग दार सताड उघडलं. दोन मिनिटांत ते बाहेर. सासूबाई म्हणाल्या, अपशकुन. पोरगी म्हणाली, "मला तसलं एक पाहिजे."

खरं नाही, खेळण्यातलं. ससा, अस्वल, हत्ती मिळतात. वटवाघूळ कोण विकणार? तापातल्या पोरीला काय सांगायचं म्हणून मी बोलून बसलो, "मी करून देतो." मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर स्ट्रिपा कापणारा माणूस मी. आयुष्यात बटणसुद्धा लावलं नव्हतं.

नवी पेठेत लोकर घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "वहिनींनी कुठला नंबर सांगितलाय?" मीच विणणार म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे आणि मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. त्रेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी. काळी लोकर घेतली, कारण वटवाघूळ काळं. ही पहिली चूक. नमुना इंटरनेटवरून विकत घेतला, ही दुसरी. तीन संध्याकाळी गच्चीवर बसून विणलं. घामानं लोकर बोटांना चिकटायची, सुई कुईकुई करायची. पोट गोल व्हायला हवं होतं, ते निमुळतं होत होत सर्कशीतल्या विदूषकाच्या टोपीसारखं उभं राहिलं. वर इतकी भोकं की भरलेला फायबरचा कापूस सगळीकडून डोकावत होता.

तेव्हा तुम्ही कपडे काढायला वर आलात. "काय करलालास रे तम्मुडू?" तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. मी दाखवलं. तुमच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू तेव्हा काढायचा होता, म्हणून तुम्ही ते बघितलंच नाही, हातात घेतलं. अंगठा आणि पहिलं बोट त्याच्यावरून एकदा फिरवलंत आणि म्हणालात, "हे खांब आहेत. मुके खांब पायजेत."

मी म्हटलं, नमुन्यात डबल क्रोशे लिहिलंय, मी डबल क्रोशेचा व्हिडिओ बघूनच केलंय. तुम्ही म्हणालात, "लिहू दे की."

नंतर मी शोधलं तेव्हा कळलं. नमुना इंग्लंडमधल्या बाईचा, व्हिडिओ अमेरिकेतला. इंग्लंडात ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्यालाच अमेरिकेत सिंगल म्हणतात, आणि अमेरिकेतलं डबल म्हणजे इंग्लंडचं ट्रेबल. टाका तोच, नाव एकेक पायरी सरकलेलं. जगभर नवशिके यात फसतात म्हणे. पैसे घेऊन विकलेल्या त्या कागदावर हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. आणि आपल्याकडे बघा. सुईवर आणखी एक वेढा घेऊन उंच केला तो खांब, वेढा न घेता बुटका राहिला तो मुका खांब. नावातच आलं सगळं. घोळाला जागाच नाही. तुमच्याकडून ऐकेपर्यंत मला हे शब्द माहीतही नव्हते, आणि माझी आई रुखवताला रुमाल विणायची. कधी विचारलंच नाही तिला.

टोपी का झाली तेही तुम्हीच सांगितलंत. गोल सपाट बसायला हवा तर मुक्या खांबाला प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे, खांबाला बारा. मी खांब घालत होतो आणि वाढवत होतो सहाच. अर्धीच वाढ, मग ते आवळून वर चढणारच. हे तुम्ही टीव्हीवर टाकायच्या रुमालांवर शिकलात, विडीच्या पानांची टोपली शेजारी ठेवून.

आणि मग, अक्का, तुम्ही धागा ओढलात. मला न विचारता. तीन संध्याकाळी सरसर उसवल्या, गच्चीवर काळ्या लोकरीचा ढीग. राग आला होता मला, आज कबूल करतो. तोंडावर काही बोललो नाही, पण जिना उतरताना बायकोला म्हटलं, "म्हातारीला काय पडलंय?" त्याबद्दल माफी. ते तसंच पुढं रेटलं असतं तर आजही कपाटात ती भोकाची टोपी पडून असती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन गोष्टी घेऊन आलात. एक, पांढरा टर्किश टॉवेल. "मांडीवर टाक." काळ्या लोकरीतली भोकं रात्री दिसत नाहीत, खाली पांढरं असलं की दिसतात. हे एवढंसं मला कुठल्याही व्हिडिओनं सांगितलं नव्हतं. दुसरी, पिशवीभर सूत. तुमच्या यजमानांच्या कारखान्यातलं, चादरीचं उरलेलं, कोनांवर तसंच गुंडाळलेलं. तपकिरी लाल आणि गडद निळं. लोकर बाजूला ठेवायला लावलीत. उन्हाळ्यात सूत लोकरीसारखं बोटांना चिकटत नाही, आणि चार पदर एकत्र घेतले की जाडीही येते. सुई मात्र बारीक घेतलीत, साडेतीनची काढून अडीचची दिलीत, म्हणजे टाका घट्ट बसतो आणि आतला कापूस बाहेर येत नाही. पोरीनं रंग बघितले आणि पुस्तक घेऊन पळत आली. आपल्याकडची फळं खाणारी मोठी वटवाघळं काळी नसतातच म्हणे, मानेला आणि खांद्यांना तांबूस सोनेरी केस असतात, पंख तेवढे काळपट. म्हणजे मी काळी लोकर आणली तीच चूक होती, तुमची चादर बरोबर होती.

तुमची मोजणी आमच्या घरात अजून चालू आहे. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु. सहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या फेरीत सहा, मग बारा, अठरा, चोवीस, तीस. तिसावर आठ फेऱ्या सरळ, न वाढवता. फेरी कुठं सुरू झाली ते कळावं म्हणून तुम्ही लाल दोऱ्याचा तुकडा अडकवला होतात, तो मी जपून ठेवलाय. पोरीला तेलुगू सहापर्यंतच येतं. सातला काय म्हणतात ते विचारते आणि मला येत नाही.

कमी करतानाची युक्ती मात्र मला शब्दांत लिहिता येत नाही, प्रयत्न करतो. दोन टाक्यांचा एक करायचा असतो. मी आख्खे टाके उचलायचो आणि तिथं गाठ उठायची. तुम्ही म्हणालात, नुसते पुढचे धागे उचल, एकाचा अर्धा, दुसऱ्याचा अर्धा. तुमच्या टाक्यात कुठं कमी केलंय ते शोधून सापडत नाही. पुन्हा चोवीस, अठरा. तिथं थांबून कापूस भरायचा, पेन्सिलीच्या उलट्या टोकानं, कडेपासून मधे. मग बारा, मग सहा, आणि ते सहा टाके ओढून तोंड बंद.

तोंड तुम्ही बंद केलंत तेव्हा मी बघत राहिलो. नखानं कडा आत दुमडत गेलात, एक, दोन, तीन, आणि सगळं आत. पोरीनं विचारलं, "अव्वा, हे कुठं शिकलीस?" तुम्ही म्हणालात, "विडीचं तोंड असंच बंद करतात." रोज हजार विड्या, हजारावर मजुरी, किती वर्षं ते तुम्हालाच माहीत. त्या बोटांत तंबाखूचा वास अजून आहे असं बायको म्हणते. मला कधी आला नाही.

पंखांवर आपलं भांडण झालं होतं. तुम्ही छान झालर केलीत, टोकाला तीन साखळ्यांचा दाणा. पोरगी नाक मुरडून बसली. "याला बोटंच नाहीत." तिनं चित्र दाखवलं. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. चार बोटं लांबच लांब वाढलेली, त्यांच्यामध्ये कातडीचा पडदा, आणि अंगठा तेवढा सुटा, नखवाला, वर धरायला. तुम्ही ते चित्र डोळ्याला लावून बराच वेळ बघत होतात. मग आपल्या हाताची बोटं फाकून बघितलीत. दुसऱ्या दिवशी पंखाच्या वरून साखळीच्या चार रेघा आल्या होत्या, खांद्यापासून टोकापर्यंत, आणि वर अंगठ्याचा एक दाणा. तुमच्या रुमालांवर असली नक्षी मी कधी बघितली नव्हती. साठी उलटलेली बाई सात वर्षांच्या पोरीचं ऐकून रात्रीतून पंख बदलून आणते, हे आमच्या घरात कुणी केलं नसतं. मी तर नाहीच.

डोळेही तुम्ही दोऱ्याचेच काढायला लावलेत. मी प्लॅस्टिकचे चकचकीत डोळे आणले होते. "शेजारचं बारकं तोंडात घालंल," म्हणालात. मेडिकलवाल्याला ही गोष्ट विडीवालीनं सांगावी!

सासूबाईंचंही सांगतो. त्यांना ते घरात नको होतं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात की रात्री ओसरीवर विड्या वळत बसायचो तेव्हा दिव्याभोवती गब्बिलम फिरायचे, किडे, डास टिपायचे, आणि आमचं कुणाचं वाईट काही झालं नाही, झालं ते कारखाना बंद पडल्यामुळं झालं. सासूबाई गप्प बसल्या. आता त्याच त्याला धुळीपासून जपतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, ती यादीच २०२२च्या दुरुस्तीत काढून टाकली, हे मी पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे अव्वानं सांगितलेलं सरकारनं ऐकलं."

त्याचं नाव गब्बू ठेवलंय, तुमच्या गब्बिलमवरून. खिडकीच्या गजाला उलटा लटकतो, पायांना तुम्ही केलेल्या फाशांवर. खऱ्या वटवाघळाला लटकायला जोर लावावा लागत नाही, अंगाच्या वजनानंच नख्या आवळतात, म्हणून ते तसंच झोपू शकतं. आमच्याला फासे लागतात. एक कान वाकडा आहे, तो मी विणला. नीट करू का विचारलं तर पोरगी हात लावू देत नाही.

तुम्ही भिवंडीला गेलात त्या दिवशी मी दुकानात होतो, धड निरोपही घेतला नाही. खोलीला आता दुसरं भाडेकरू आलंय. गच्चीवरच्या दोरीवर तुमचा एक चिमटा राहिलाय, निळा.

पुढच्या आठवड्यात माझा साडू सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येतोय. कल्याणला उतरून तुमच्याकडे येईल. त्याच्याजवळ पिशवी देतोय. शेंगाची चटणी आहे, कडक भाकरी आहे, नातवाला आवडते ती. आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं दुसरं गब्बिलम आहे, तुमच्यासाठी. हे मी एकट्यानं केलंय, पहिल्या सहापासून. उसवलं चार वेळा, स्वतःच. पंखाला बोटं आहेत, मोजून घ्या.

तोंड मात्र मला तुमच्यासारखं बंद करता आलं नाही, दरवेळी चुणी राहते. म्हणून सहा टाक्यांवर उघडंच ठेवलंय. सुई तिथंच खोचली आहे, हात जपून घाला.

तुमचा,
तम्मुडू
सोलापूर