युकुलेले हे खेळणे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युकुलेले या गिटारसारख्या छोट्या वाद्याचा विषय निघाला की ‘चार तारांचे खेळणे’, ‘गिटार जमत नाही त्यांच्यासाठी’ असे शेरे हमखास ऐकू येतात. शेरे मारणाऱ्यांनी बहुधा हे वाद्य नुसत्या कॉर्डच्या (एकत्र छेडलेल्या स्वरांच्या) साथीला वाजताना ऐकलेले असते, नाहीतर जुळवणी न केलेले (खाचा, तारांची उंची नीट न बसवलेले) वाद्य हाती घेतलेले असते. दोन्हींबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

सी स्वराला षड्ज धरले, तर वरून खाली चार मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा लागतात. यातला प साच्या खालचा नाही, वरचा आहे. तारांचे क्रमांक खालून मोजतात: ध पहिली, प चौथी. म्हणजे सर्वांत खालचा स्वर, सा, तिसऱ्या तारेवर. गिटार वाजवणाऱ्याला हे उफराटे वाटते आणि वाद्यच अपुरे, असा निष्कर्ष तो काढून मोकळा होतो. पण याच रचनेमुळे लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाटून देता येतात. ग दुसऱ्या मोकळ्या तारेवर, म तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी), प चौथ्या मोकळ्या तारेवर, ध पहिल्या मोकळ्या तारेवर, नी चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि वरचा सा पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. मवरचे बोट शेवटपर्यंत उचलायचे नाही. मग आधीचा स्वर विझण्याआत पुढचा त्यात मिसळतो. या पद्धतीला कॅम्पानेला म्हणतात. नायलॉनच्या आखूड तारेचा स्वर लवकर विरतो, ही या वाद्याची खरी मर्यादा आहे आणि तिच्यावर हाच उतारा.

हे सोपे मुळीच नाही. म दाबणारे बोट जरा आडवे पडले की शेजारची दुसरी किंवा चौथी तार मुकी होते, म्हणून बोट टोकावर उभे ठेवावे लागते. उजव्या हाताला दोन, तीन, चार, एक, चार, एक अशा तारांवर उड्या माराव्या लागतात आणि सगळे आघात सारख्या वजनाचे यावे लागतात. सतराव्या शतकातल्या पाच जोडतारांच्या गिटारवर हेच तंत्र होते. स्पेनच्या गास्पार सान्स यांनी 1674 मध्ये त्याबद्दल लिहिले आहे. अमेरिकेचे युकुलेलेवादक जॉन किंग यांनी जर्मन संगीतकार बाखच्या रचना याच पद्धतीने युकुलेलेवर बसवल्या. मडेरा बेटावरून 1879 मध्ये होनोलुलूला आलेल्या सुतारांनी आपल्या माशेत या छोट्या वाद्यावरून युकुलेले घडवले. त्यामुळे त्याचे मूळही गिटारच्याच कुळातले आहे.

स्वरांचा पल्ला कमी, हा आणखी एक आक्षेप. बारा फ्रेटच्या सोप्रानोचा, म्हणजे लहान आकाराच्या युकुलेलेचा, पल्ला पावणेदोन सप्तकांचा, हे खरे. टेनर या मोठ्या आकाराच्या युकुलेलेला खालच्या जीची, म्हणजे खालच्या पची, तार लावली आणि सतरा फ्रेट धरले तर तो अडीच सप्तकांपलीकडे जातो. बासरीचाही साधारण तेवढाच असतो आणि तिला कोणी त्यावरून हिणवत नाही. कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमधून चाल्मर्स डोन यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून याच वाद्यावर मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे आणि समूहात वाजवणे शिकवले.

आता ‘बेसूर वाजते’ ही तक्रार. ती पुष्कळदा खरी असते, पण दोष नटमध्ये, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीत, असतो. नटच्या खाचा उथळ राहिल्या तर पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. गिटारची तार सुमारे 65 सेंटिमीटर, सोप्रानोची सुमारे 35. त्यामुळे तेवढीच उंची इथे जास्त नडते. म्हणूनच सी कॉर्ड गोड लागते आणि एफ कानाला खुपते, कारण एफमध्ये दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट येतो. तपासणी अशी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे तार फ्रेटला जेमतेम टेकत नाही एवढीच फट हवी. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर आणि पहिला फ्रेट दहा-पंधरा सेंट (एक सेंट म्हणजे दोन लगतच्या फ्रेटमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा दिसला तर खाच खोल करायला हवी. तारेच्या जाडीची कानस घ्यावी, खाचेचा उतार खुंट्यांकडे ठेवावा आणि दोन-तीन हात मारून दरवेळी पुन्हा तपासावे. घाईत जास्त घासले तर मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो.

नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात. तेवढ्यात वाद्य ‘सुरात राहत नाही’ म्हणून कपाटात टाकू नये. स्वर चढवताना नेहमी खालून वर यावे. चढा झाला तर आधी उतरवून मग पुन्हा वर न्यावा, नाहीतर तार वाजवताना सुटते. बाराव्या फ्रेटवर तार साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी.

प्लास्टिकच्या पट्टीवर फ्रेटच चुकीच्या जागी ओतलेली वाद्येही विकली जातात. ती खरोखर खेळणीच आहेत आणि कितीही जुळवणी केली तरी सुधारत नाहीत. पारखायचे असेल तर बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागतो का, ते चारही तारांवर पाहावे. चारही तारांवर स्पष्ट फरक ऐकू आला तर ते वाद्य घेऊ नये.

आपला,
एक युकुलेलेवादक