प्रेम दिसलं, शेत कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत थॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (1874) या कादंबरीवरचा लेख वाचला. लिहिलाय छान, पण वाचून वाटतं की एक देखणी पोरगी, तिच्यामागे तिघंजण, मग खूनबिन, संपलं. अहो, ती बाथशीबा शेतकरी आहे की! काका गेल्यावर शेती अंगावर घेते, धान्य चोरणाऱ्या कारभाऱ्याला हाकलून सगळं स्वतःच बघायला लागते, बाजारात पुरुषांच्या गर्दीत उभी राहून भाव करते. लेखात हे एका ओळीत उरकलंय आणि ट्रॉय नावाच्या त्या सैनिकाच्या तलवारबाजीच्या सीनला अख्खा परिच्छेद (सीन भारी आहे, नाही म्हणत नाही).

माझ्या मते कादंबरीचा जीव वादळाच्या रात्रीत आहे. ट्रॉय, आता बाथशीबाचा नवाकोरा नवरा, पाऊस येणार नाही म्हणतो आणि सुगीच्या जेवणात गड्यांना ब्रँडी पाजून सगळ्यांना आडवं करतो. बाहेर गव्हाच्या 5 आणि जवाच्या 3 गंज्या उघड्या. तिच्याकडे कामाला असलेला आणि तिच्यावर जीव असलेला मेंढपाळ गॅब्रिएल मनातल्या मनात हिशोब करतो, 750 पौंडांचा माल, आणि एकटाच झाकायला लागतो, मग बाथशीबा येते, विजा कडाडतायत आणि ही शिडीवरून त्याला पेंढ्या नेऊन देतेय. दोघांत प्रेमाचं बोलणं जवळपास नाहीच, ती बोलते ते पण ट्रॉयशी लग्न का केलं त्याबद्दल. आणि तिच्यापायी झुरणारा तो बोल्डवुड, एवढा मोठा बागायतदार, त्याच्या गंज्या त्या रात्री उघड्याच राहिल्या, चक्क विसरला! कोण कसा माणूस आहे ते हार्डी गंज्यांवरून सांगतो, लेखात गंजीचा ग पण नाही.

बरं, लग्नाचा दुसरा भाग पण बघा. इंग्लंडात बायकोला स्वतःची मालमत्ता पूर्णपणे स्वतःकडे ठेवायचा हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला, कादंबरी त्याच्या आधीची, म्हणजे लग्न झालं की शेतावर हुकूम नवऱ्याचा. ट्रॉय तिचे पैसे घोड्यांच्या शर्यतीत उडवतो आणि एरवी सगळ्या गावाला दटावणारी ती मालकीण घरात विनवण्या करत बसते. लेखिकाबाईंनी हिला 'चंचल' म्हटलंय, वर या पैशांबद्दल चकार शब्द नाही.

आणखी एक, 'शेवटी नायिका नोकराशी लग्न करते' हे बरोबर नाही. तोवर गॅब्रिएल दोन्ही शेतांचा कारभार बघत असतो, बोल्डवुडच्या उत्पन्नात त्याचा वाटा असतो आणि पुढे ते शेत स्वतःच कसायला घ्यायचं पण त्याचं ठरलेलं असतं. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा.

आपला,
एक नियमित वाचक