ज्या वाटेनं व्हायरस, त्याच वाटेनं औषध

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू दोनदा म्हणालीस, "माझ्या किडनीतूनच तो व्हायरस ह्यांच्यात गेला." मला लगेच उत्तर सुचलं नाही. डॉक्टरांनी तशी शक्यता सांगितली होती, हे खरं. पण हा सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात वर्षानुवर्षं निजलेला असतो. बाबांच्या अंगातही आधीपासून असू शकतो. नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून त्याला डोकं वर काढायला फावलं. तुझ्यामुळे बाबांचं डायलिसिस सुटलंय, आई. तेवढंच मनात ठेव.

बाबा, तुम्ही विचारलंत, सीएमव्हीवरच्या ह्या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तर दुसरं काही नाही का? मी त्याच दिवशी शोधायला बसले. २०११ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फेनयाँग लिऊ यांच्या गटानं साल्मोनेला हाताशी धरला. टायफॉइडच्याच कुळातला जंतू. (सहावीत मला टायफॉइड झाला तेव्हा आई रात्र रात्र उशाशी बसायची. नाव ऐकून तिला धडकीच भरेल.) त्यांनी त्याची रोग करण्याची ताकद काढून घेतली, पेशीत शिरण्याची खोड मात्र तशीच ठेवली. रक्तातल्या ज्या भक्षक पेशींत सीएमव्ही दडतो, तिथेच साल्मोनेलाही घुसतो. त्याच्या पाठीवर त्यांनी एका आरएनएच्या कात्रीचा आराखडा दिला. पेशीत ही कात्री तयार होते आणि व्हायरसचा निरोप, तोही आरएनएवरच लिहिलेला, वाचला जाण्याआधीच कापून टाकते. आरएनए असं कापू शकतं, ह्या शोधाला १९८९ चं नोबेल मिळालंय.

सीएमव्हीची लागण केलेल्या उंदरांना हा जंतू तोंडावाटे पाजला. प्रतिकारशक्तीच नसलेले उंदीर, बाबा! औषध न मिळालेले पंचवीस दिवसांत गेले, मिळालेले किमान पन्नास दिवस जगले. त्यांच्यातला व्हायरस चारशे ते सहाशे पटींनी कमी होता. हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

पण ते उंदीर होते. किडनी बदललेल्या माणसाला जिवंत जंतू पाजायचा तर आधी खूप काही तपासावं लागेल. तेव्हा पेशी उतरल्या तरी स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बुधवारचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) झाला की रिपोर्टचा फोटो लगेच पाठवा. आई, तुझीही तपासणी त्याच दिवशी करून घे. एका किडनीवर आता तूही आहेस.

तुमची,
मनू