पत्ता पुन्हा का विचारला

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बाबा आता घरातल्या घरात फिरतात हे वाचून जिवात जीव आला. पण तुझ्या पत्रातली पुढची ओळ मनाला लागली. ‘बाबा जमिनीवर पडलेत आणि ती बाई पुन्हा पत्ता विचारतेय.’ ती बाई मी नव्हते. पण रुग्णवाहिकेच्या मदत केंद्रात फोन घेताना मीही रोज तेच करते, म्हणून लिहायला बसले.

तू उत्तरं देत होतास तोवर गाडी खोळंबली होती, असं तुला वाटलं. नाही रे. कॉल घेताना मी टाइप करते ते डिस्पॅचरला, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्याला, त्याच क्षणी स्क्रीनवर दिसतं. जागा आणि ‘माणूस शुद्धीवर नाही’ एवढं कळलं की तो वायरलेसवरून गाडी सोडतो. नंतरचे सगळे प्रश्न गाडी रस्त्यात असतानाचे. मी हे सुरुवातीलाच सांगून टाकते : ‘गाडी निघाली आहे, फोन ठेवू नका.’ तुला कुणी सांगितलं नसेल, तर ती आमच्या बाजूची चूक, आणि मोठी चूक.

पत्त्याचं म्हणशील तर घाबरलेला माणूस सोडून आलेल्या घराचा पत्तासुद्धा सांगतो. मोबाइलवरून जागा कळते ती अंदाजानेच. कितवा मजला ते बऱ्याचदा कळतच नाही. लाइन मध्येच तुटली आणि हाती फक्त जागा असली, तरी कुणीतरी पोचतं. बाकी सगळं कळून जागाच कळली नाही, तर काही उपयोग नाही.

आणि तो दुसरा प्रश्न, ‘श्वास चालू आहे का?’ तूही आधी ‘हो’च म्हणालास ना? बहुतेक जण म्हणतात. हृदय थांबल्यावरही काही वेळ माणूस आचके देतो, घशातून घरघर येते, आणि घरच्यांना तो श्वास वाटतो. म्हणून आम्ही सांगतो, छाती वर आली की ‘आता’ म्हणा. मी कान देऊन बसते. ‘आता’... मग नुसती शांतता... खूप वेळाने ‘आता’. तेवढ्यावरून कळतं. मग छातीच्या मधोमध तळवा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मी मोठ्याने मोजते, पलीकडचा माझ्याबरोबर मोजायला लागतो.

गेल्या महिन्यात रात्रपाळीला एका मुलाबरोबर अशीच मोजत होते. आवाज फुटायच्या वयाचा असावा. पलीकडे त्याची आई. हात भरून आले तरी थांबला नाही. मग दार आपटलं, बुटांचे आवाज, कुणीतरी म्हणालं, ‘बाजूला हो बाळा.’ फोन तसाच जमिनीवर राहिला असणार, कारण त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग लाइन कट झाली. पुढचा कॉल वाजला, मी उचलला. त्या आईचं काय झालं, मला आजही माहीत नाही. या कामात रात्रपाळी, आरडाओरडा, शिव्यासुद्धा सोसवतात. हे अर्धवट राहिलेलं सोसवत नाही.

तुझा राग मात्र वाया घालवू नकोस. 1935 साली लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन केला आणि टेलिफोन एक्स्चेंजने त्याला रांगेत ताटकळत ठेवलं. पाच बायका गेल्या. त्याने चिडून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली, आणि 30 जून 1937 ला तिथे 999 हा तातडीच्या मदतीचा नंबर सुरू झाला.

तूही त्या केंद्राला लिही. तारीख, वेळ आणि फोन कुठल्या नंबरवरून केलास ते घाल, म्हणजे त्यांना रेकॉर्डिंग शोधून ऐकता येईल. गाडी निघाल्याचं सांगितलं नाही, हे स्पष्ट लिही. आणि बाबा चालायला लागलेत, हेही लिही. फोनवरच्या त्या बाईला ते कळलेलं नसणार.

बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मैत्रीण