‘केयी’ म्हणणारी मुलगी

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या भाचीने पुण्यातील एका मुलाखतीत बोलण्याच्या ओघात ‘केळी’ला ‘केयी’ म्हटले, तेव्हा समोरच्यांनी हसत तिला तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला. केळीच्या बागांतच वाढलेली ती मुलगी त्यानंतर जेमतेम हो-नाही एवढेच बोलली. ‘ळ’चा ‘य’ होणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे, तर खानदेशातील बोलींची ती रीतच आहे, आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०-१९५१) तोंडी हेच उच्चार आले की अवघा महाराष्ट्र कौतुकाने माना डोलावतो. मालिकांत मात्र आमचा हेल बहुधा गडी-मोलकरणींच्या वाट्याला येतो, जसा हिंदी चित्रपटांत बिहारी हेल पहारेकऱ्याच्या. निदान सरकारी नोकरभरतीच्या मुलाखत मंडळांना तरी याबाबत लेखी सूचना द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रावेर (जि. जळगाव)